सोयीची मेथड कोअरमध्ये घ्यायची की नाही? जेक्वेरीच्या अनुभवातून

ऑगस्ट 2006 मध्ये जेक्वेरीची 1.0 आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात क्लिक() या मेथडला दोन भावंडं होती. एक वनक्लिक(), दुसरं अनक्लिक(). पहिलीचा अर्थ ‘क्लिक झाल्यावर फक्त एकदाच हे काम कर’, दुसरीचा ‘सांगितलेलं काम आता करू नकोस’. ब्लर, फोकस, स्क्रोल, सबमिट, कळ दाबणं, कळ सोडणं अशा वीसेक इव्हेंटसाठी, म्हणजे पानावर घडणाऱ्या घटनांसाठी, हे त्रिकूट तयार होतं. शिवाय आयडी(), टायटल(), एचरेफ(), कलर(), बॅकग्राउंड() या वेगळ्या मेथड. जानेवारी 2007 मध्ये 1.1 आली आणि यातल्या बहुतेक मेथड काढून टाकल्या गेल्या. कुणाची तक्रार होती म्हणून नव्हे, त्या चालत नव्हत्या म्हणूनही नव्हे. त्या उत्तम चालत होत्या.

मग काढल्या का? लायब्ररी घडवण्यातला सगळ्यात अवघड निर्णय याच प्रश्नात आहे असं मला वाटतं. त्यामुळे जरा सावकाश बघू.

आधी थोडी ओळख. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून, तपासून ठेवलेला कोड, जो आपण आपल्या वेबपानाला जोडतो आणि वापरतो. मेथड म्हणजे त्या लायब्ररीला नाव घेऊन सांगता येणारं एक काम. हे लपव, ते रंगव, अमुक यादी आण. जॉन रेसिगने सुरू केलेली जेक्वेरी ही अशीच एक लायब्ररी, आजही जगातल्या निम्म्याहून जास्त वेबसाइट्सवर सापडणारी. लायब्ररीचा जो भाग प्रत्येकाच्या पानात उतरतो, त्याला कोअर म्हणायचं. आणि सोयीची मेथड म्हणजे जिच्यावाचून कुणाचं अडत नाही, कारण तेच काम कोअरमधल्या दुसऱ्या मेथड वापरून होतं, फक्त दोन शब्द जास्त लिहावे लागतात.

ते दोन शब्द वाचवावेत असं सगळ्यांनाच वाटतं. म्हणून लोकप्रिय लायब्ररीच्या मेंटेनरकडे, म्हणजे ती सांभाळणाऱ्यांकडे, अशा मागण्यांचा ओघ कधी थांबत नाही. मागणी करणाऱ्याचं म्हणणं बहुतेक वेळा रास्त असतं: मेथड एका ओळीची आहे, फाइल पन्नास-साठ बाइटनी वाढेल, माझा रोजचा त्रास वाचेल. नाही म्हणायला तोंडदेखलं कारणसुद्धा सापडत नाही.

खरा खर्च त्या बाइटमध्ये नसतो. जेक्वेरी 3 दाबून, आवळून सुमारे 30 केबीची होते, त्यात साठ बाइट कुणाला जाणवणार? पण कोअरमध्ये मेथड घेतली की तिचं नाव कायमचं अडकतं. तिचं डॉक्युमेंटेशन लिहावं लागतं आणि प्रत्येक नव्या शिकणाऱ्याला ते वाचावं लागतं. प्रत्येक ब्राउझरवर तिची चाचणी घ्यावी लागते. ‘रिकामी यादी दिली तर काय?’, ‘आकड्याऐवजी शब्द दिला तर काय?’ या प्रश्नांची उत्तरं ठरवावी लागतात, आणि एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही, कारण तोवर त्यावर विसंबून कुणीतरी कोड लिहिलेला असतो. मागणी करणारा एक ओळ लिहून मोकळा होतो. सांभाळणारे बदलतात, पण ओळ राहते.

साइज() हे याचं साधं उदाहरण. जेक्वेरीने पानावरच्या काही गोष्टी निवडल्या, तर त्या किती आहेत हे सांगणारी ही मेथड. आत काय करत होती? त्याच निवडीचा लेन्ग्थ हा तयार गुणधर्म वाचून तो परत देत होती. बस, एवढंच. लेन्ग्थ जावास्क्रिप्टच्या प्रत्येक यादीला असतंच, ते वाचायला मेथड लागत नाही, आणि इंग्रजीत लिहायलाही, कंस धरले तर, तेवढीच अक्षरं. तरीही शिकणाऱ्याला प्रश्न पडायचा की या दोघांत फरक काय, कुठे कुठलं वापरायचं. उत्तर ‘काहीच फरक नाही’ हे होतं, पण ते शोधायला प्रत्येकाला वेळ घालवावा लागला. 1.8 मध्ये साइज() डेप्रिकेट झाली, म्हणजे ‘नवीन कोडमध्ये वापरू नका’ या यादीत गेली, आणि जून 2016 मध्ये आलेल्या 3.0 मध्ये ती काढली. पहिल्या दिवसापासून नको असलेली मेथड जायला दहा वर्षं लागली.

आता याच्या अगदी उलट उदाहरण, कारण ‘सोयीची मेथड म्हणजे फाजील लाड’ असं मला म्हणायचं नाही. जानेवारी 2009 मध्ये 1.3 मध्ये क्लोजेस्ट() आली. समजा पानावर मालाची यादी आहे. प्रत्येक मालाची एक ओळ, ओळीच्या शेवटी ‘काढून टाका’ असं बटण, बटणात कचरापेटीचं छोटं चित्र. वापरणाऱ्याने बटण दाबलं. कोडला कळायला हवं की कुठली ओळ काढायची. पण ब्राउझर काय सांगतो? बोट जिथे अगदी नेमकं पडलं ती वस्तू. बोट चित्रावर पडलं असेल तर चित्र, चित्राच्या बाजूला बटणावर पडलं असेल तर बटण, ओळीच्या मोकळ्या जागेत पडलं असेल तर खुद्द ओळ. तिथून वर-वर जात आपल्याला ओळ गाठायची आहे.

पूर्वी लोक यासाठी पेरेंट्स() वापरायचे. ती मेथड वस्तूच्या बाहेरच्या आवरणांपासून शोध सुरू करते, खुद्द त्या वस्तूकडे बघत नाही. त्यामुळे चित्रावर दाबलं की ओळ सापडायची, बटणावर दाबलं की सापडायची, आणि नेमकं ओळीवरच दाबलं की ओळ सापडायची नाही, कारण शोध ओळीच्या वरून सुरू व्हायचा. यादीत यादी असेल तर दुसरीच गंमत: बाहेरची आणि आतली अशा दोन्ही ओळी हाती यायच्या, त्यातली पहिली निवडायची आठवण ठेवावी लागायची. हा बग चाचणीत सापडत नाही, कारण तपासणारा बहुधा बटणाच्या मधोमधच दाबतो. क्लोजेस्ट() स्वतःपासून सुरू करते आणि पहिली जुळणारी वस्तू मिळाली की थांबते.

पाहिलंत तर क्लोजेस्ट() सुद्धा ‘दुसऱ्या मेथड वापरून करता येईल’ अशीच आहे. चार ओळींत कुणीही लिहील. पण त्या चार ओळी चांगल्या जाणत्या डेव्हलपरच्या हातूनही चुकायच्या. साइज() कोण चुकवणार? म्हणून माझी कसोटी ही आहे: मेथड टायपिंग वाचवते का हे बघू नका, ती चूक वाचवते का ते बघा. जिथे लोक स्वतः लिहितात, ते बरोबर दिसतं आणि तरी ते एका कोपऱ्यात चुकलेलं असतं, तिथे कोअरने पुढे व्हावं. पुढे ब्राउझरनीही क्लोजेस्ट याच नावाने ही सोय आपल्यात घेतली. लायब्ररीतल्या मेथडला याहून मोठी पावती कुठली?

टॉगलक्लास() ला क्लाससोबत खरं-खोटं देण्याची सोय याच जातीची. क्लास म्हणजे वस्तूला लावलेलं नाव, ज्यावरून तिचं रूप ठरवता येतं. ‘अमुक अट खरी असेल तर हा क्लास लाव, नसेल तर काढ’ हे लिहिताना लोक एक बाजू लिहायचे आणि दुसरी विसरायचे. मेथडला खरं-खोटं थेट देता आलं की विसरायला जागा उरत नाही.

पण एक पेच आहे. चूक वाचवण्याची किंमत काळानुसार बदलते. हॉव्हर() घ्या. माउस मेनूवर आला की मेनू उघडायचा, बाहेर गेला की मिटायचा. 2006 मध्ये हे डोकेदुखीचं काम होतं. ब्राउझरचे माउसओव्हर आणि माउसआउट हे इव्हेंट मेनूच्या आत एका ओळीवरून दुसरीवर गेलं तरी उठायचे, त्यामुळे मेनू लुकलुकायचा, उघडतोय-मिटतोय असं चालायचं. ‘खरंच आत आला’ आणि ‘खरंच बाहेर गेला’ एवढंच सांगणारे माउसएंटर आणि माउसलीव्ह तेव्हा फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होते. हॉव्हर() माउस कुठून आला, कुठे गेला हे तपासून ती लुकलुक थांबवत असे. कोअरमध्ये असायलाच हवी अशी मेथड. नंतर सगळ्या ब्राउझरनी ते दोन इव्हेंट आणले आणि हॉव्हर() च्या पोटात दोन साध्या हाका तेवढ्या उरल्या. मेथड तीच, पण तिची गरज सरली. जानेवारी 2018 च्या 3.3 पासून ती डेप्रिकेट आहे.

ट्रिम() चंही तसंच. शब्दाच्या पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढणारी ही मेथड. इंटरनेट एक्सप्लोरर 8 मध्ये भाषेची स्वतःची ट्रिम नव्हतीच. पुढे ती सगळीकडे आली, आणि जेक्वेरीची ट्रिम() 3.5 मध्ये डेप्रिकेट झाली. इजअ‍ॅरे(), पार्सजेसन(), नाउ() हीसुद्धा अशीच मंडळी. फेब्रुवारी 2024 मध्ये 4.0 ची पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठीची, आवृत्ती आली, तिच्यात या सगळ्यांना निरोप मिळाला. त्यांचं काम पूर्ण झालं होतं. म्हणून कोअरमध्ये काय हवं हा प्रश्न एकदा सोडवून संपत नाही, दर काही वर्षांनी जुन्या मेथडना तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

त्याच यादीतली इजन्युमेरिक() मात्र वेगळी. ‘ही गोष्ट आकडा आहे का?’ एवढा साधा प्रश्न. पण तिला अवतरणात ‘-10’ असं अक्षररूपात दिलं तरी ती ‘हो’ म्हणायची. ‘0xFF’ असं सोळा अंकांच्या पद्धतीतलं (हेक्साडेसिमल) रूप अक्षरांत दिलं तरी ‘हो’. अनंत दिलं तर ‘नाही’. फॉर्ममधला मजकूर तपासणाऱ्याला पहिलं उत्तर हवं असतं, दुसरं मुळीच नको असतं. हिशेबाचा कोड लिहिणाऱ्याला दोन्ही नको असतात. नाव वाचून प्रत्येकजण आपल्या मनातला अर्थ धरतो आणि मेथड तिसराच अर्थ चालवते. ज्या मेथडचं नाव ऐकून दोन समंजस माणसं दोन वेगळी उत्तरं अपेक्षितात, तिला कोअरमध्ये घेऊ नये. तो निर्णय ज्याच्या त्याच्या कामातच व्हायला हवा.

नावाचा आणखी एक घोळ: एकाच नावाला दोन कामं. लोड() म्हणजे ‘वस्तू लोड झाल्यावर हे कर’ हेही, आणि ‘सर्व्हरवरून मजकूर आणून इथे भर’ हेही. कुठलं काम करायचं ते आत काय दिलंय यावरून ठरायचं. टॉगल() रिकामी बोलावली की दाखव-लपव, दोन फंक्शन, म्हणजे करायची दोन कामं, दिली की ती आळीपाळीने क्लिकवर चालव. 1.9 आणि 3.0 मध्ये ही दुहेरी कामं वेगळी करून एकेक काढावं लागलं. याच्या उलट चूकही झाली: 1.5 मध्ये सर्व्हरच्या उत्तरासाठी डन(), फेल() आल्या आणि सोबत त्याच जागी सक्सेस(), एरर() सुद्धा. एका कामाला दोन-दोन नावं. 3.0 मध्ये दुसरी जोडी गेली.

आता क्लिक() कडे येऊ, कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्यापाशी आहे. क्लिक(काम) लिहायचं की ऑन(‘क्लिक’, काम)? पाच-सहा अक्षरांचा फरक. शिकवताना सगळे छोटं रूप शिकवतात. मग शिकणारा मालाची यादी बनवतो, प्रत्येक बटणाला क्लिक() लावतो, सगळं चालतं. दुसऱ्या दिवशी ‘नवीन माल जोडा’ ही सोय करतो, आणि नव्या ओळीतलं बटण ढिम्म हलत नाही. कारण क्लिक() ने त्या क्षणी पानावर असलेल्या बटणांनाच काम सांगितलेलं असतं, नंतर आलेल्यांना कोण सांगणार? उपाय म्हणजे यादीलाच सांगून ठेवायचं की तुझ्या आत कुठल्याही बटणावर क्लिक झाला की मला कळव. ऑन() मध्ये हे एक शब्द वाढवून जमतं. क्लिक() मध्ये ती जागाच नाही.

सोयीची मेथड माणसाला मूळ मेथडपासून दूर ठेवू शकते, आणि याचा हिशेब कुणी मांडत नाही. छोटा रस्ता जिथे संपतो तिथून पुढे जायला माणसाला पुन्हा मागे येऊन मोठ्या रस्त्याने निघावं लागतं. म्हणून कुठल्याही छोट्या रूपाबद्दल विचारायला हवं की याच्यापुढची पायरी चढायची झाली तर याच मेथडला धरून चढता येईल का, की हे सोडून द्यावं लागेल?

जेक्वेरीने हा घोळ आधी वाढवला आणि मग निस्तरला. बाइंड() पहिल्यापासून होती. नंतर येणाऱ्या वस्तूंसाठी 1.3 मध्ये लाइव्ह() आली. तिच्या मर्यादा दिसल्या म्हणून 1.4.2 मध्ये डेलिगेट(). तिघींचं काम एकाच जातीचं, तिघींची लिहिण्याची पद्धत वेगळी. नोव्हेंबर 2011 मध्ये 1.7 ने ऑन() आणि ऑफ() ही एक जोडी आणली, जिच्यात तिन्ही मावल्या. तीन सोयींपेक्षा एक नीट घडवलेली मेथड बरी, हे जेक्वेरीच्या साऱ्या इतिहासातलं मला सगळ्यात पटलेलं काम. वनक्लिक() आणि अनक्लिक() काढण्यामागेही हाच हिशेब होता: ‘एकदाच’ ही कल्पना एक, इव्हेंट वीस. कल्पनेला एक मेथड द्या, प्रत्येक इव्हेंटला नको.

तरी 4.0 च्या बीटातही क्लिक() शाबूत आहे, डेप्रिकेट असली तरी. मला ते योग्य वाटतं. इतक्या पानांत ती लिहिलेली आहे की काढून कुणाचं भलं होणार नाही.

काढण्याची किंमत किती मोठी असते ते ऑगस्ट 2020 मध्ये दिसलं. लाइव्ह() आणि ब्राउझर ओळखणारा जेक्वेरी.ब्राउझर हा गुणधर्म 1.9 मध्ये, जानेवारी 2013 मध्येच गेले होते. जुना कोड चालत राहावा म्हणून जेक्वेरी मायग्रेट नावाचं प्लगिन, म्हणजे बाहेरून जोडायचा कोड, दिलं होतं, आणि वेबसाइट बनवायला वापरलं जाणारं वर्डप्रेस ते वर्षानुवर्षं आपोआप जोडत होतं. वर्डप्रेस 5.5 ने ते जोडणं थांबवलं आणि जुन्या थीम, जुनी प्लगिन वापरणाऱ्या अनेक साइट्सवर स्लायडर थिजले, मेनू उघडेनात. शेवटी मायग्रेट पुन्हा चालू करून देणारं वेगळं प्लगिन काढावं लागलं. ज्यांच्या साइट्स बंद पडल्या त्यातल्या बहुतेकांनी लाइव्ह() हे नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांची थीम बनवणाऱ्याने सात-आठ वर्षांपूर्वी ते वापरलं होतं.

म्हणून कोअरबाहेरची जागा महत्त्वाची. जेक्वेरीत कुणालाही दोन-तीन ओळींत स्वतःची मेथड जोडता येते, तिला प्लगिन म्हणतात, आणि जोडल्यावर ती कोअरच्या मेथडसारखीच वापरता येते. त्यामुळे ‘कोअरमध्ये नाही’ म्हणजे ‘मिळणार नाही’ असं होत नाही. प्लगिन म्हणून बाहेर वावरलेली कल्पना लोक कशी वापरतात, कुठे अडतात हे दिसतं. वस्तूंची उंची-रुंदी-जागा मोजणारं डायमेन्शन्स हे प्लगिन असंच बाहेर तावून-सुलाखून निघालं आणि 1.2.6 मध्ये पूर्णपणे कोअरमध्ये आलं. उलट ऑक्टोबर 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेलं टेम्प्लेटचं प्लगिन अधिकृत झालं, ते 1.5 मध्ये कोअरमध्ये येणार असंही जाहीर झालं, पण आलं नाही आणि पुढे त्यावरचं काम थांबलं. साच्यात माहिती भरून पान कसं बनवावं याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं होतं, आजही आहे. असा मतभेद जिथे आहे तिथे कोअरने एक बाजू घेतली, तर बाकीच्यांना नको असलेला कोड वागवत राहावा लागतो.

प्लगिनलाही एक अट आहे: ते स्वतःच्या घरात असावं. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने आपल्या सोयीच्या मेथड थेट भाषेच्या अ‍ॅरेवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक यादीवर, चढवल्या. त्यातलीच एक फ्लॅटन(), यादीतल्या याद्या मोकळ्या करणारी. वर्षांनंतर भाषेच्या समितीने हीच सोय भाषेत आणायचं ठरवलं, नाव साहजिकच फ्लॅटन. मार्च 2018 मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच मूटूल्स वापरणारी एक जुनी साइट मोडली. कारण बारीक होतं. मूटूल्स अ‍ॅरेवरच्या मेथड एकेक करून मोजत आपल्या दुसऱ्या वस्तूवर नकलून घ्यायचं. भाषेच्या स्वतःच्या मेथड अशा मोजणीत दिसत नाहीत. नाव आधीच भाषेने घेतलेलं असलं, तर त्यावर मूटूल्सने आपलं फंक्शन ठेवलं तरी ते नाव मोजणीत अदृश्यच राहतं. त्यामुळे नक्कल झालीच नाही आणि साइट कोलमडली. समितीने त्याच वर्षी मे महिन्यात नाव बदलून फ्लॅट केलं. यादीचे गट पाडणाऱ्या ग्रुपबायच्या वेळीही जुन्या लायब्ररीशी टक्कर झाली, म्हणून भाषेच्या 2024 च्या प्रमाणित आवृत्तीत ती सोय यादीवर नाही, ऑब्जेक्ट.ग्रुपबाय अशा वेगळ्या ठिकाणी आली.

आपल्या ऑफिसात चार-पाच जणांनी मिळून वापरायची छोटी ‘युटिल्स’ फाइल असते, तिलाही हे सगळं लागू होतं. कुणी नवी मेथड सुचवली की आधी आपल्याच कोडमध्ये शोधून बघावं, ते काम हाताने कुठे-कुठे लिहिलंय आणि त्यातलं किती ठिकाणी चुकलंय. सगळीकडे बरोबर असेल तर मेथडची गरज नाही. दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने चुकलेलं सापडलं, तर ती मेथड लगेच लिहावी, आणि त्या चुका तशाच उचलून तिच्या चाचण्या म्हणून ठेवाव्यात. जुनी मेथड काढायची झाली तर आधी तिच्या आत एक सूचना छापून ठेवावी, जशी मायग्रेट ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे डेव्हलपरसाठीच्या सूचनांच्या खिडकीत, छापतं: ही जाणार आहे, त्याऐवजी अमुक वापरा. पर्यायाचं नाव त्या सूचनेतच हवं, कारण ती वाचणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा कोड दुरुस्त करायला बसलेला असतो.